साहेबांनी अप्रेजलमध्ये ‘ब्लस्टर’ लिहिलं, आता काय करू?

वाचकाचं पत्र (ओळख लपवून, थोडक्यात):

“वय सत्तेचाळीस. चाकण परिसरात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत खरेदी विभागात अठरा वर्षं काढली. काही वर्षांपूर्वी कंपनी एका ब्रिटिश समूहाने घेतली, तेव्हापासून माझे वरिष्ठ इंग्लंडमध्ये बसतात. यंदाच्या अप्रेजलमध्ये आकडे चांगले आहेत, शेरेही चांगले आहेत, पण एक वाक्य असं आहे की सप्लायर्सशी बोलताना मी ‘ब्लस्टर’वर थोडासा अवलंबून राहतो. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, फुशारकी. मोबाइलने ‘धमकावणे’ दाखवलं. ऑफिसातला मित्र म्हणाला, फेकूगिरी. बायको म्हणाली, ‘घरी येऊन बघितलं की काय त्यांनी?’ माझी झोप उडाली आहे. मी खोटं बोलत नाही, बढाया मारत नाही. इथे व्हेंडरला दम भरल्याशिवाय माल हलत नाही, हे तिकडे बसून काय कळणार? शिवाय माझा दम पोकळही नसतो. जानेवारीत भोसरीच्या एका छोट्या जॉबवर्कवाल्याचं पेमेंट थांबवलं, तर चौथ्या दिवशी माल गेटवर हजर. या शब्दावर एचआरकडे लेखी हरकत घ्यावी, की गप्प बसावं? दुसरीकडे नोकरी बघावी, असंही मनात येतं.”

नमस्कार,

आधी झोपेचं बघू. ‘ब्लस्टर’ ही शिवी नाही. तुम्ही खोटारडे आहात, असा त्याचा अर्थ होत नाही. तुम्ही लोकांना छळता, असाही होत नाही. मुलीने, मोबाइलने आणि मित्राने दिलेले तिन्ही अर्थ त्या शब्दाच्या आसपास फिरतात, पण नेमके कोणतेच बसत नाहीत. तरी हा शब्द कौतुकाचाही नाही. त्यामुळे ‘काही नाही हो, सोडून द्या’ असं मी सांगणार नाही.

मुळात हा शब्द वाऱ्याचा आहे. घोंघावणारा, खिडक्यांची तावदानं थडाथडा आपटणारा वारा. ब्रिटनच्या हवामानाच्या बातम्यांत आजही वादळी वाऱ्याच्या दिवसाला ‘ब्लस्टरी’ म्हणतात. माणसाच्या बाबतीत वापरला की अर्थ होतो चढ्या आवाजातलं, अंगावर येणारं, रागारागाचं बोलणं, ज्यातून पुढे फारसं काही घडत नाही. या अर्थाचा निम्मा भाग आवाजात आहे आणि निम्मा ‘पुढे काही घडत नाही’ यात. दुसरा भाग गाळला की शब्द चुकतो. फुशारकी मारणारा माणूस शांतपणे, हसत हसतही मारू शकतो, म्हणून फुशारकी जमत नाही. धमकावणं खरंही असू शकतं, म्हणून तेही जमत नाही. मराठी वर्तमानपत्रं ‘पोकळ वल्गना’ लिहितात, ते बरंच जवळ जातं. ‘तोंडपाटीलकी’ही एका अंगाने जवळची आहे. मला विचाराल तर ‘पोकळ दमदाटी’ म्हणा आणि पुढे चला.

आता हा शब्द वापरला कसा जातो, ते पाहा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं तिथेच आहे. ‘मी आज जरा ब्लस्टर केलं’ असं कोणीही स्वतःबद्दल म्हणत नाही. हा शब्द नेहमी दुसऱ्याबद्दल बोलला जातो आणि बोलणारा बाजूला उभा राहून बघत असतो. त्याला आवाज ऐकू आलेला असतो आणि पुढे काय झालं किंवा झालं नाही, तेही दिसलेलं असतं. इंग्रजीत असंही म्हणतात की अमक्याने ब्लस्टर करून वेळ मारून नेली, किंवा त्या ब्लस्टरच्या खाली घाबरलेला माणूस आहे. म्हणजे शब्दात थोडी कीवही असते. पत्रकार हा शब्द नेत्यांबद्दल सर्रास वापरतात: सीमेवर तलवारी खणाखणा वाजवल्या, सैन्य काही हललं नाही, की दुसऱ्या दिवशी अग्रलेखात हा शब्द येतो.

तुमच्या साहेबांपुढे याहून बोचरे शब्द होते. ‘बुली’ लिहिलं असतं तर प्रकरण वेगळं होतं. त्यात दुबळ्याला त्रास दिल्याचा आरोप असतो आणि तसं लेखी आलं की बहुतेक कंपन्यांना चौकशी करावी लागते. ‘ब्लफ’ लिहिलं असतं तर तुम्ही हातात पत्ते नसताना असल्याचं भासवता, असा अर्थ झाला असता. तो शब्द पत्त्यांच्या पोकर खेळातून मोठा झाला आणि त्यात फसवणुकीबरोबर थोडं डोकंही मान्य केलेलं असतं. ‘बॉम्बास्ट’ म्हणजे फुगवलेली शब्दबंबाळ भाषा. हा शब्द कापसावरून आला. सोळाव्या शतकात युरोपातले पुरुष अंगरख्यात कापूस भरून छाती रुंद दाखवत, तो भरावाचा कापूस. खरेदी विभागातल्या माणसावर शब्दबंबाळपणाचा आरोप कोणी करत नाही, तेवढा वेळ त्याला असतोच कुठे! आणि एक क्रियापद आहे ‘हेक्टर’, म्हणजे दरडावणं. त्या बिचाऱ्या हेक्टरचं मला नेहमी वाईट वाटतं. होमरच्या महाकाव्यातला तो ट्रॉयचा शूर, बायकामुलांवर जीव असलेला योद्धा. पण सतराव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर दादागिरी करणाऱ्या टोळ्यांनी त्याचं नाव स्वतःला लावून घेतलं आणि त्याचं नाव कायमचं दमदाटीला चिकटलं. या सगळ्या शब्दांतून साहेबांनी वाऱ्याचा शब्द उचलला. तुमचा हेतू वाईट आहे, असं त्यांचं म्हणणं नाही. आवाजाच्या मानाने काम होत नाही, एवढंच ते म्हणतात.

मात्र त्या वाक्यात आणखी एक शब्द आहे, ज्याकडे तुम्ही लक्ष दिलेलं नाही. ‘थोडासा’. आपल्याकडे थोडासा म्हणजे थोडासाच. ब्रिटिश लेखी शेऱ्यात ‘थोडासा’ हा बऱ्याचदा टोक बोथट करण्यासाठी लावलेला बूच असतो. ‘थोडं निराशाजनक’ असं एखाद्या ब्रिटिश माणसाने लिहिलं तर तो चांगलाच वैतागलेला असू शकतो. तेव्हा एका शब्दाने झोप उडवून घ्यायची नाही, तसंच दुसऱ्या शब्दावर निर्धास्तही व्हायचं नाही. त्यांनी लिहायचं की नाही यावर विचार करून लिहिलेलं वाक्य आहे, असं धरून चला.

आता तुमच्या मुद्द्याकडे येते. दम भरल्याशिवाय माल हलत नाही, हे तुम्ही अनुभवाने सांगता आणि मी तो अनुभव उडवून लावणार नाही. मशीनच्या आवाजात काम करणाऱ्यांचा आवाज चढाच असतो. फोनवर ‘अहो शेठ, मारता काय आम्हाला’ असं ओरडून झाल्यावर तोच माणूस संध्याकाळी त्या शेठबरोबर चहा पितो. व्हिडिओ कॉलवर तुकड्यातुकड्याने ऐकणाऱ्या परदेशी कानाला ही ओरड भांडणासारखी वाटणं शक्य आहे. तसं झालं असेल तर तेवढ्यापुरता हा शेरा अन्यायाचा आहे आणि ते तुम्ही सांगायलाही हवं. आवाज मोठा असणं म्हणजे ब्लस्टर नव्हे. ओरडून ‘गुरुवारी डेबिट नोट टाकीन’ (म्हणजे तुमच्या बिलातून पैसे कापीन) म्हणणारा आणि गुरुवारी खरोखर टाकणारा माणूस कितीही ओरडला तरी त्याला हा शब्द लागू होत नाही. उलट अगदी मृदू आवाजात, मेलच्या शेवटी ‘कठोर कारवाई करण्यात येईल’ असं दर आठवड्याला लिहिणारा आणि कधीच काही न करणारा माणूस आतून त्याच जातीचा, फक्त आवाज नाही म्हणून सुटतो.

म्हणून एक काम करा. गेल्या सहा महिन्यांचे तुमचे मेल, व्हॉट्सअॅप आणि मीटिंगच्या नोंदी काढा. व्हेंडरला दिलेली प्रत्येक ताकीद एका कागदावर उतरवा आणि समोर लिहा: त्या मुदतीच्या दुसऱ्या दिवशी मी काय केलं? ‘लाइन बंद पडली तर सगळा खर्च तुमच्या नावावर’, ‘व्हेंडर लिस्टमधून नाव काढतो’, ‘पुढची ऑर्डर विसरा’. हा कागद कोणाला दाखवायचा नाही. साहेबांचा शब्द खरा की खोटा, ते शब्दकोशापेक्षा हा कागद लवकर सांगेल.

माझा अंदाज सांगते, रागावू नका. मोठ्या व्हेंडरच्या बाबतीत समोरचा रकाना बहुतेक रिकामा असेल. आणि त्यात तुमच्या स्वभावाचा दोष कमी, धंद्याच्या रचनेचा जास्त. ‘तुमचं नाव काढतो’ हे ज्या फाउंड्रीला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याला, तुम्ही ऐकवता, तिला ठाऊक असतं की कास्टिंगची डाय (ओतीव भागाचा साचा) तिच्याच शेडमध्ये पडून आहे. कागदावर ती तुमच्या कंपनीची असली तरी उचलून दुसरीकडे न्यायची, तिथे नमुने काढायचे, मोजमापं जुळवायची, पीपीएपीची (नव्या भागाच्या मंजुरीच्या ठरलेल्या प्रक्रियेची) सगळी कागदपत्रं करून ग्राहकाची मंजुरी घ्यायची, म्हणजे काही महिने गेलेच. तोवर तुमची लाइन काय चालवणार? हे तुम्हाला माहीत आहे आणि तुम्हाला माहीत आहे हे फाउंड्रीच्या मालकालाही माहीत आहे. मग तो फोन कानापासून चार बोटं लांब धरतो, ‘हो साहेब, हो साहेब’ म्हणतो आणि आधी त्या ग्राहकाचा माल काढतो, जो ओरडत नाही पण ठरल्या दिवशी खरंच दंड लावतो.

धमकी या विषयाचा अर्थशास्त्रात रीतसर अभ्यास झालेला आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं, ते याच प्रकारच्या कामासाठी: संघर्षात आणि सौद्यात दोन बाजू एकमेकांना कशा जोखतात. त्यांच्या मांडणीतली एक गोष्ट खरेदी विभागाच्या भिंतीवर लावण्यासारखी आहे. वचन यशस्वी झालं की ते पाळण्याचा खर्च येतो आणि धमकीचा खर्च ती फसली की येतो. समोरच्याने ऐकलं तर धमकी फुकटात पडते. त्याने ऐकलं नाही तर आता तुम्हाला ती अमलात आणायची आहे, आणि त्यात तुमचंही नुकसान आहे. तुम्ही ती गिळलीत, तर पुढच्या धमकीची किंमत त्याच क्षणी घसरली. अठरा वर्षांत अशी किती गिळलीत, ते व्हेंडरच्या लक्षात असतं. म्हणून दरवर्षी आवाज थोडा आणखी चढवावा लागतो. तुम्ही म्हणता दम भरल्याशिवाय माल हलत नाही. दम भरून भरून आता साध्या बोलण्याने माल हलत नाही अशी वेळ आली, असंही नसेल ना?

आणखी एक शंका. साहेब तुम्हाला कुठे ऐकतात? तुमच्या रोजच्या फोनवर तर नाही. ते ऐकतात आठवड्याच्या कॉलवर, जिथे व्हेंडरही असतो आणि वरिष्ठही. तिथे तुमचा आवाज नेहमीपेक्षा वर जातो का, हे आठवून बघा. अनेकांचा जातो. ‘बघा, मी सोडत नाही याला’ हे व्हेंडरला नाही, वरच्या चौकटीतल्या साहेबांना दाखवायचं असतं. आपल्याकडच्या जुन्या मालकांना ते आवडायचंही. आपला माणूस तडफेने बोलला म्हणजे कामाचा, असा हिशोब होता. नव्या साहेबांचा हिशोब उलटा आहे. ते तुमच्या आवाजाकडून पुराव्याची अपेक्षा करत नाहीत, पुढच्या आठवड्याच्या शीटवर तारीख बदलली का, एवढंच बघतात. तारीख तीच आणि आवाज मात्र मोठा, असं चार-पाच कॉल झाले की त्यांच्या भाषेतला तो वाऱ्याचा शब्द आपसूक कागदावर येतो.

इथे महाभारताच्या विराटपर्वातला राजपुत्र उत्तर आठवल्याशिवाय राहत नाही. कौरवांनी गाई पळवल्याची बातमी आली, तेव्हा हा राजपुत्र अंतःपुरात बायकांसमोर म्हणाला, चांगला सारथी असता तर एकट्याने सगळ्यांना लोळवलं असतं. बृहन्नडा, म्हणजे वेषांतरातला अर्जुन, सारथी म्हणून मिळाली, रथ निघाला, समोर कौरवांचं सैन्य दिसलं आणि हा रथातून उडी टाकून पळाला. आपण गोष्ट इथे थांबवतो, हसतो आणि बढाईखोर माणसाला उत्तर म्हणून मोकळे होतो. पण महाभारत तिथे थांबत नाही. अर्जुनाने त्याला पकडून आणलं, शमीच्या झाडावरची शस्त्रं उतरवायला लावली आणि घोड्यांचे लगाम त्याच्या हाती दिले. त्या दिवशी त्याने रथ नीट हाकला. पुढे कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी तो शल्यावर चालून गेला आणि तिथे लढता लढता मेला. पळपुटा म्हणून नाही मेला. बायकांसमोर तो बोलला, कारण तोवर त्याच्या हातात खरं काम कोणी दिलंच नव्हतं. तुमच्या हातात खरे अधिकार किती आहेत, हा प्रश्न म्हणूनच मला तुमच्या स्वभावापेक्षा महत्त्वाचा वाटतो. दंड लावायला कोणाची सही लागते? दुसरा सोर्स, म्हणजे त्याच भागाचा दुसरा पुरवठादार, उभा करायला बजेट आहे का? नसेल, तर कंपनीने तुम्हाला फक्त आवाज दिलाय, आणि आता त्याच आवाजाबद्दल शेरा मारलाय.

हे साहेबांना सांगण्यासारखं आहे. पण त्याआधी भोसरीचं बघू.

तुमच्या पत्रातली ही ओळ तुम्ही अभिमानाने लिहिलीत, म्हणून जरा जपून बोलते. तुमचा दम पोकळ नाही याचा पुरावा म्हणून तुम्ही एकच उदाहरण दिलंत आणि ते सगळ्यात लहान माणसाचं आहे. फाउंड्रीवाल्याचं पेमेंट तुम्ही थांबवलं नाही. ते जमलं नसतं, त्याने माल थांबवला असता. चार-सहा कामगारांवर मशीन शॉप चालवणाऱ्या जॉबवर्कवाल्याचं थांबवलं, कारण त्याच्याकडे उलट थांबवायला काहीच नव्हतं. पगाराची तारीख आली असेल, स्टीलवाल्याची उधारी असेल, चौथ्या दिवशी माल आला यात नवल ते काय. म्हणजे तोच आवाज, तीच वाक्यं. मोठ्याच्या कानावर पडली की वारा आणि लहानाच्या कानावर पडली की भीती. साहेबांनी तुमच्यासाठी सौम्य शब्द वापरला, कारण त्यांनी मोठ्या व्हेंडरबरोबरचे कॉल ऐकले. भोसरीच्या माणसाला विचारलं असतं तर त्याने कोणता शब्द निवडला असता?

यात कायद्याचाही भाग आहे आणि खरेदीत काम करणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत हवा. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ चा आहे. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर त्याचे पैसे करारात ठरलेल्या तारखेपर्यंत द्यावे लागतात, आणि करारात काहीही लिहिलं तरी माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे ती तारीख नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागतं. तो माणूस सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, तक्रारही करू शकतो. मालात खोट असेल तर १५ दिवसांत लेखी हरकत घ्यायची, हा सरळ मार्ग कायद्यात आहे. पण आधी घेतलेल्या, बिनतक्रार मालाचे पैसे पुढचा माल लवकर यावा म्हणून अडवायचे, हा मार्ग त्यात नाही. उद्या त्या जॉबवर्कवाल्याने तक्रार केली, तर कंपनी तुमच्या ‘दमा’चं कौतुक करणार नाही, कोणाच्या सांगण्यावरून अडवलं, हे विचारेल. पैसे अजून अडलेले असतील तर आधी अकाउंट्सला सांगून ते मोकळे करा. देऊन झाले असतील, पण मुदतीनंतर दिले असतील, तर अकाउंट्सला व्याजाचंही विचारून घ्या.

आता हरकत घ्यावी की नाही.

एचआरकडे ‘हा शब्द अपमानास्पद आहे’ अशी हरकत घेऊ नका. तो तसा नाही, आणि तुम्ही तसं म्हटलंत की साहेब शब्दकोश काढून दाखवतील आणि तुमची बाजू तिथेच संपेल. शिवाय चढ्या सुरात लिहिलेली हरकत म्हणजे त्यांच्या शेऱ्याचा पुरावाच तुम्ही त्यांच्या हाती देणार. गप्पही बसू नका. अप्रेजलमधला शब्द पुढच्या वर्षी नव्या साहेबाच्या नजरेस पडतो, तेव्हा त्याला संदर्भ माहीत नसतो, फक्त शब्द दिसतो. राजीनाम्याबद्दल एवढंच म्हणेन की आकडे चांगले, बाकीचे शेरे चांगले आणि एक वाक्य लागलं म्हणून अठरा वर्षांची जागा सोडायची, हे मला पटत नाही. दुसरीकडेही व्हेंडर हेच आहेत, त्यांच्या शेडमधल्या डायही याच. जायचंच असेल तर वेगळ्या कारणाने जा.

मधला रस्ता म्हणजे उदाहरणं मागणं. असाच एखादा इंग्रजी शब्द ज्यांच्या अप्रेजलमध्ये आलाय, मग तो ‘अब्रेसिव्ह’ (बोलण्यात खरखरीत) असो की ‘डिफेन्सिव्ह’ (टीका झाली की लगेच बचावात जाणारा), त्यांनाही मी हेच सांगते. अशा शब्दांच्या अर्थावर भांडून काही हाती लागत नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या बोलण्यावरून हे वाटलं, ते विचारायचं. त्यांनी एक जरी प्रसंग सांगितला तरी बोलायला काहीतरी ठोस मिळतं. प्रसंग सांगता आला नाही, तर शब्द मागे घेणं किंवा बदलणं त्यांनाच सोयीचं होतं. मेल आधी मराठीत लिहा, डोकं थंड असताना. मी असा लिहिला असता:

“शेरा वाचला आणि त्यावर विचार केला. कोणत्या कॉलमध्ये किंवा कोणत्या सप्लायरच्या बाबतीत हे जाणवलं, अशी दोन-तीन उदाहरणं कळली तर मला उपयोग होईल. मोकळेपणाने सांगायचं तर आमच्याकडे कारखान्यातलं बोलणं चढ्या आवाजातच चालतं, त्यातलं काही तुम्हाला आहे त्यापेक्षा जास्त तिखट वाटलं असेल. मात्र काही सप्लायर्सना मी जी कारवाई सांगतो ती प्रत्यक्षात करण्याचे अधिकार माझ्याकडे नाहीत, हेही खरं आहे. त्यावर आपण अर्धा तास बोलू शकू का?”

पहिल्या वाक्यात ‘मला वाईट वाटलं’ घालू नका, आणि शेवटी ‘आपला नम्र’ वगैरेही नको. इंग्रजी करताना मुलीची मदत घ्या, पण तिला वाक्यं सजवू देऊ नका. मेल साधाच राहू दे.

त्या अर्ध्या तासासाठी तुमचा तो दोन रकान्यांचा कागद जवळ ठेवा. साहेब उदाहरणं देतील तेव्हा खुलासे करत बसू नका, लिहून घ्या. मग तुमच्याकडचे दोन-तीन रिकामे रकाने सांगा: या फाउंड्रीला मी चारदा ताकीद दिली आणि एकदाही काही करू शकलो नाही, कारण दुसरा सोर्सच नाही. त्यानंतर मागणी करा. कोणत्या दोन भागांसाठी दुसरा सोर्स सगळ्यात निकडीचा, त्याच्या डायचा अंदाजे खर्च किती, मंजुरीला किती महिने लागतील, आणि किती रकमेपर्यंतची डेबिट नोट तुम्हाला स्वतःच्या सहीने टाकता यावी, हे आकडे आधी काढून न्या. आकडे घेऊन बोलणाऱ्याला आवाज चढवावा लागत नाही, आणि त्यांच्याकडच्या पद्धतीत तर अशाच बोलण्याला वजन असतं.

व्हेंडरशी बोलताना एक नियम काही महिने पाळून बघा. जे करण्याचा अधिकार आज हातात आहे, तेवढंच बोलायचं, तारखेसह बोलायचं आणि त्या तारखेला करायचं, मग ते कितीही छोटं असो. ‘नाव काढतो’ऐवजी ‘सोमवारी दुपारपर्यंत गाडी निघाली नाही तर मंगळवारी माझा माणूस तुमच्या शेडमध्ये येऊन बसेल’. आणि मंगळवारी माणूस पाठवायचा. सुरुवातीला व्हेंडर हसतील, त्यांच्या कानाला हा आवाज ओळखीचा नाही. एखाद-दोन वेळा माल अडकेल आणि ‘बघा, ओरडलो नाही म्हणून झालं’ असं तुमच्याच टीममधलं कोणीतरी म्हणेल. तेवढं सोसायची तयारी ठेवा आणि साहेबांनाही आधी कल्पना देऊन ठेवा.

साहेबांनी डायचा खर्च किंवा सहीचे अधिकार नाकारले, तर वाद घालू नका. त्याच संध्याकाळी ‘आज असं ठरलं’ असा चार ओळींचा मेल टाका, त्यात मागणीचे आकडे आणि नकार दोन्ही येऊ द्या. पुढच्या अप्रेजलला तोच मेल जोडा.